वाचकांचे प्रश्न : ‘झोडियाक’ प्रकरण आणि आर्थर ली ॲलन

(इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील वाचकांची या महिन्यातील बरीचशी पत्रे कॅलिफोर्नियातील न सुटलेल्या खुनांविषयी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच प्रकरणाला दिले आहे. उत्तरे आमचे कायदेविषयक स्तंभलेखक देत आहेत.)

प्रश्न : ‘झोडियाक’ या नावाने पत्रे पाठवणाऱ्या खुन्याविषयी आमच्या वाचनालयातील मंडळींत अलीकडे कडाक्याचा वाद झाला. माझे म्हणणे असे की आर्थर ली ॲलन हाच खुनी होता, पोलिसांना ते वीस वर्षे ठाऊक होते आणि तरीही त्यांनी खटला भरला नाही. हा निव्वळ नाकर्तेपणा नव्हे काय? ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगून आपले मत द्यावे.
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण प्रश्नातच निकाल देऊन टाकला आहे, तेव्हा आधी फिर्याद काय होती ते पाहू.

२० डिसेंबर १९६८ च्या रात्री उत्तर कॅलिफोर्नियातील बेनिशिया गावाबाहेर, लेक हर्मन रस्त्यावर, उभ्या मोटारीपाशी १७ वर्षांचा एक मुलगा आणि १६ वर्षांची एक मुलगी यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ४ जुलै १९६९ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास, तेथून काही किलोमीटरवर असलेल्या व्हॅलेहो शहरातील ब्लू रॉक स्प्रिंग्ज उद्यानात दुसऱ्या एका जोडीवर गोळीबार झाला. त्यात २२ वर्षांची तरुणी मरण पावली आणि तिच्यासोबतचा १९ वर्षांचा तरुण जबर जखमी होऊनही वाचला. त्यानंतर तासाभरातच कोणीतरी सार्वजनिक फोनवरून व्हॅलेहो पोलिसांना हा हल्ला कळवला आणि डिसेंबरचे दोन खूनही आपणच केल्याचे सांगितले. २७ सप्टेंबर १९६९ रोजी नापा जिल्ह्यातील बेरीएसा सरोवराच्या काठी, डोक्यावरून काळी टोपडी ओढलेल्या आणि छातीवर वर्तुळ व फुलीचे चिन्ह असलेल्या माणसाने महाविद्यालयीन तरुण-तरुणीला दोरीने बांधून सुऱ्याने भोसकले. तरुण वाचला, तरुणी दोन दिवसांनी गेली. मोटारीच्या दारावर हल्लेखोराने तेच चिन्ह काढून आधीच्या हल्ल्यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. शेवटी ११ ऑक्टोबर १९६९ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रिसिडिओ हाइट्स या सुखवस्तू वस्तीत पॉल स्टाइन या टॅक्सीचालकाला त्याच्याच टॅक्सीत डोक्यात गोळी घालण्यात आली, आणि दोन-तीन दिवसांनी त्याच्या रक्ताळलेल्या सदऱ्याचा तुकडा एका पत्रासोबत ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या कचेरीत पोचला.

पोलीस निश्चितपणे मान्य करतात ते एवढेच: चार हल्ले, पाच मृत्यू, दोन जण बचावलेले. खुन्याने मात्र १९७४ पर्यंतच्या पत्रांत आपला आकडा वाढवत वाढवत ३७ पर्यंत नेला. बढाई मारणाऱ्याच्या हिशेबावर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मुळीच विसंबत नाही.

आता ॲलन. जन्म १९३३, राहणार व्हॅलेहो, काही काळ प्राथमिक शाळेत शिक्षक. बेरीएसाच्या घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांनी त्याची पहिली चौकशी केली, परंतु त्याचे नाव खऱ्या अर्थाने पुढे आले ते १९७१ मध्ये, जेव्हा त्याच्या एका जुन्या मित्राने जबानी दिली की, खून सुरू होण्याच्या सुमारास झालेल्या गप्पांत ॲलन माणसांची शिकार करण्याबद्दल बोलला होता, आणि आपण स्वतःला ‘झोडियाक’ म्हणवून घेऊ असेही म्हणाला होता. चौकशीच्या वेळी त्याच्या मनगटावर त्याच नावाच्या कंपनीचे घड्याळ होते. बेरीएसाच्या काठी मिळालेल्या पावलांच्या ठशांचे माप त्याच्या बुटांच्या मापाशी जुळत होते. बेरीएसाच्या दिवशी आपल्या गाडीत रक्ताचे डाग असलेले सुरे होते, असे तो आपण होऊन बोलला आणि ते रक्त कोंबडीचे असल्याचे सांगून मोकळा झाला. पुढे १९७५ मध्ये बालकावरील लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला शिक्षा झाली. १९९१ मध्ये, म्हणजे घटनेनंतर २२ वर्षांनी, ब्लू रॉक स्प्रिंग्जमध्ये वाचलेल्या तरुणाने छायाचित्रांच्या संचातून त्याचेच छायाचित्र निवडले. हे सर्व एका दमात ऐकले की कोणालाही वाटेल, आता आणखी काय हवे!

हवे ते पुढे आहे. टॅक्सीवर रक्तात उमटलेले बोटांचे ठसे ॲलनच्या ठशांशी जुळले नाहीत. पत्रांतील हस्ताक्षर त्याचे नसल्याचा निर्वाळा राज्याच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने दिला. १९७२ मध्ये सांता रोझा येथील त्याच्या ट्रेलर-घराची आणि १९९१ मध्ये व्हॅलेहोच्या घराची झडती झाली. दुसऱ्या झडतीत स्फोटक साहित्य आणि पुष्कळ विचित्र वस्तू हाती लागल्या, पण खुनात वापरलेले पिस्तूल किंवा सदऱ्याचा उरलेला भाग लागला नाही. २००२ मध्ये पत्रांच्या पाकिटांवरून मिळालेल्या अपुऱ्या डीएनए नमुन्याची तुलना केली, तीही त्याच्याशी जुळली नाही. टॅक्सीच्या खुनाच्या वेळी समोरच्या घराच्या खिडकीतून तीन किशोरवयीन मुलांनी खुन्याला पाहिले होते. त्यांच्या वर्णनावरून काढलेल्या चित्रातला डोक्यावर बारीक कापलेले केस असलेला माणूस आणि सहा फुटांचा, आडव्या अंगाचा, टक्कल पडत चाललेला ॲलन यांचा मेळ सहज बसत नाही.

यातील प्रत्येक गोष्टीला फाटे फोडता येतात, हे खरे. टॅक्सीला अनेकांचे हात लागतात. पाकिटावरील डीएनए टपाल खात्यातल्या कोणाचाही असू शकतो. परंतु लक्षात घ्या, ॲलनच्या विरुद्ध जे आहे ते बहुतेक सगळे कोणाच्या तरी सांगण्यातून आणि त्याच्या स्वभावातून आलेले आहे, आणि मोजून, ताडून पाहता येईल असे जे जे होते ते त्याच्याकडे बोट दाखवत नाही. अशा स्थितीत खटला न भरणाऱ्या सरकारी वकिलाला मी नाकर्ता म्हणणार नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये ॲलन मरण पावला आणि प्रश्न कायमचा न्यायालयाबाहेर राहिला. तो जिवंतपणी दोषमुक्तही झाला नाही. माझ्या मते त्याच्यावरचा संशय आजवर टिकण्याचे खरे कारण हेच आहे. उलटतपासणीत जो पुरावा एका दुपारीत उभा राहिला असता किंवा आडवा झाला असता, तो पन्नास वर्षे तसाच्या तसा तोंडोतोंडी फिरतो आहे.

प्रश्न : चार हल्ले जवळजवळच्या भागात झाले, साक्षीदारही होते, तरी पोलिसांना माणूस कसा सापडला नाही?
(एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : हद्द, हे त्याचे पहिले उत्तर. समजा, एक गुन्हा इंदुरात, दुसरा देवासला आणि तिसरा उज्जैनला घडला, तर तपास तीन जिल्ह्यांच्या पोलिसांकडे जाईल, पण वर भोपाळला एकच पोलीस महासंचालक असतो आणि तो एका आदेशाने तिन्ही फायली एका टेबलावर आणू शकतो. कॅलिफोर्नियात तशी रचना नाही. लेक हर्मनचा तपास सोलानो जिल्ह्याच्या शेरीफकडे होता, दुसरा व्हॅलेहो शहराच्या पोलिसांकडे, तिसरा नापा जिल्ह्याच्या शेरीफकडे आणि चौथा सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पोलिसांकडे. शेरीफ हा तर लोकांनी निवडून दिलेला अधिकारी, तो शेजारच्या शहराच्या पोलीसप्रमुखाचा ताबेदार नव्हे. माहितीची देवाणघेवाण व्हायची, पण ती राजीखुशीने, आणि १९६९ साली ती टपालाने किंवा फोनवर. ठसे जुळवणेसुद्धा भिंगाखाली, एकेक कार्ड हातात घेऊन चालत असे.

दुसरे कारण हत्यारांचे. पहिल्या हल्ल्यात ०.२२ कॅलिबरचे हत्यार होते, दुसऱ्यात ९ मिलिमीटरचे पिस्तूल, तिसऱ्यात सुरा, आणि चौथ्यात पुन्हा ९ मिलिमीटरचे, पण वेगळे पिस्तूल. गोळ्यांवरून चार गुन्हे एका माणसाशी जोडता आलेच नसते. ते जोडले गेले ते खुन्याने स्वतःच पाठवलेल्या पत्रांमुळे, कारण किती गोळ्या झाडल्या आणि काडतुसे कोणत्या छापाची होती, हे तपशील त्याने लिहून कळवले होते.

आणि तिसरी गोष्ट निव्वळ दुर्दैवाची. टॅक्सीचालकाच्या खुनानंतर काही मिनिटांतच दोन पोलीस गाडीतून त्याच रस्त्याला येत होते, आणि त्यांना एक गोरा माणूस पायी जाताना दिसला. पण बिनतारी संदेशात चुकून काळ्या वर्णाचा माणूस शोधा, असे सांगितले गेले होते. ते पुढे निघून गेले. नंतरच्या पत्रात खुन्याने या प्रसंगावरून पोलिसांची यथेच्छ टिंगल केली.

प्रश्न : त्याने पाठवलेली सांकेतिक पत्रे उलगडली असे वाचले. मग त्यातून नाव का बाहेर आले नाही?
(एक वाचक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : कारण उलगडलेल्या मजकुरात त्याने नाव लिहिलेलेच नाही. जुलै १९६९ च्या अखेरीस त्याने तीन वर्तमानपत्रांना एकेक तुकडा अशी ४०८ चिन्हांची पहिली संकेतलिपी धाडली आणि तीत आपली ओळख असल्याचे भासवले. सलिनास येथील एका शाळाशिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने ती ८ ऑगस्टपर्यंत फोडली. पत्नीचा तर्क विलक्षण होता: इतका आत्मप्रौढीचा माणूस मजकुराची सुरुवात ‘मी’पासून करणार आणि ‘मारणे’ हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा येणार. तसेच निघाले. मजकूर होता माणसे मारण्यातल्या आनंदाचा, आणि नाव देणार नाही हेही त्यातच होते. शेवटची १८ अक्षरे मात्र आजही अर्थहीन राहिली आहेत.

८ नोव्हेंबर १९६९ ची ३४० चिन्हांची लिपी याहून अवघड होती. तीत ६३ निरनिराळी चिन्हे आहेत, आणि अक्षरे बदलण्याबरोबरच त्यांचा क्रमही तिरप्या चालीने फिरवलेला आहे, म्हणून सरळ ओळीने वाचणाऱ्यांच्या हाती ५१ वर्षे काही लागले नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेचे डेव्हिड ओरानचॅक, ऑस्ट्रेलियाचे सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हॅन आयके या तिघांनी संगणकावर लाखो वाचनक्रम तपासून ती फोडली, आणि एफबीआयने ती उकल मान्य केली. हौशी माणसांनी चिकाटीने केलेले इतके निर्विवाद काम या प्रकरणात दुसरे नाही. तिच्यातही नाव नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात फोन करून स्वतःला खुनी म्हणवणारा आपण नव्हेत, एवढा खुलासा मात्र तीत आहे.

प्रश्न : वर्षानुवर्षे ज्याच्यावर संशय होता तोच शेवटी खुनी निघाला, असे कधी घडले आहे का? माझा तर अनुभव असा की लोक म्हणतात ते बहुधा खरेच असते.
(एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : घडले आहे. सिएटलजवळच्या ग्रीन रिव्हर परिसरात १९८२ पासून तरुण स्त्रियांचे मृतदेह सापडू लागले, आणि गॅरी रिजवे हा ट्रक रंगवणारा कामगार १९८३ पासून पोलिसांच्या यादीत होता. १९८४ मध्ये खोटे पकडण्याच्या यंत्रासमोर तो पास झाला! १९८७ मध्ये पोलिसांनी त्याच्या लाळेचा नमुना घेऊन ठेवला, कारण त्या काळी त्याचा उपयोग करणारे तंत्र पुरेसे पुढे गेलेले नव्हते. २००१ मध्ये तोच नमुना जुळला, त्याला अटक झाली आणि २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. पण आपण लोकांच्या म्हणण्याचा दाखला देता, म्हणून हेही सांगतो की, त्याच प्रकरणात सुरुवातीला एका टॅक्सीचालकाचे नाव वर्तमानपत्रांनी गाजवले होते, त्याच्या घराची झडती कॅमेऱ्यांसमोर झाली होती, आणि तो पूर्णपणे निर्दोष होता.

याच्या उलट उदाहरण खुद्द कॅलिफोर्नियातले. १९७० आणि १९८० च्या दशकांत तेथे तेरा खून आणि पन्नासहून अधिक बलात्कार करणारा जोसेफ डिअँजेलो एप्रिल २०१८ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी पकडला गेला. घटनास्थळावरच्या डीएनएवरून त्याचे दूरचे नातेवाईक वंशावळीच्या माहितीसाठ्यात सापडले आणि तेथून पोलीस त्याच्या दारापर्यंत पोचले. त्याआधीच्या चार दशकांत कितीतरी माणसांवर संशय घेतला गेला, पुस्तके लिहिली गेली. याचे नाव कोणाच्याच ओठांवर नव्हते. गुन्ह्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत तो स्वतः पोलिसात नोकरीला होता. दोन्ही प्रकरणे सुटली ती जपून ठेवलेल्या मुद्देमालामुळे.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात शिकते. ॲलनविरुद्धचा हाच पुरावा आपल्याकडील सत्र न्यायालयापुढे आला असता तर काय झाले असते?
(एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : सर्वांत आवडलेला प्रश्न, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रत्यक्षदर्शी पुरावा बाजूला ठेवला तर हा खटला परिस्थितिजन्य पुराव्याचा ठरतो, आणि त्याबाबतची आपल्याकडील पायाभूत कसोटी आपल्याच राज्याच्या नावाने ओळखली जाते: हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५२. (इंदूरकरांनी फार हुरळून जाऊ नये; त्या वेळचा मध्य प्रदेश म्हणजे नागपूर राजधानी असलेला, आपण आणि ग्वाल्हेरकर तेव्हा मध्य भारतात होतो.) ज्या परिस्थितीवरून दोष काढायचा ती आधी पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असली पाहिजे, आणि साखळी अशी पुरी असली पाहिजे की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता शिल्लक राहू नये, असे त्या निकालाने सांगितले. पुढे शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात याच तत्त्वांना पंचशील म्हटले गेले. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या त्या प्रकरणात खालच्या दोन न्यायालयांनी दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून आरोपीला सोडले होते. आणि शिवाजी साहेबराव बोबडे प्रकरणात १९७३ साली न्यायालयाने बजावले होते की, ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतले अंतर मोठे आहे.

आता एकेक कडी तपासा. मित्राची जबानी: न्यायालयाबाहेरच्या बोलण्याचा पुरावा ग्राह्य असतो, पण दुबळा, आणि खून गाजत असताना इतका काळ गप्प राहून १९७१ मध्ये तो का बोलला, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न झाला असता. घड्याळ आणि बुटांचे माप: हजारोंशी जुळेल. १९७५ ची शिक्षा: तिच्यामुळे माणसाविषयी आपल्या मनात घृणा उत्पन्न होते, ती योग्यच आहे, परंतु जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य, काही अपवाद वगळता, दोष सिद्ध करण्यासाठी वापरता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तत्त्व तेच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे लोकमतात ॲलनचे पारडे सर्वांत जड करणारी गोष्ट हीच, आणि न्यायालयात ती वाचलीही गेली नसती.

उरली ओळख. ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नाही, न्यायालयात साक्षीदाराने पटवलेल्या ओळखीला तिचा आधार मिळतो, एवढेच. आणि तीत विलंब झाला की तिची किंमत उतरते. येथे तर प्रत्यक्ष माणसांची परेड नव्हे, छायाचित्रे होती, साक्षीदाराने हल्लेखोराला अंधारात, डोळ्यांवर विजेरीचा झोत असताना आणि एका बाजूने पाहिले होते, आणि मध्ये २२ वर्षे गेली होती. सत्र न्यायाधीशाने संशयाचा फायदा दिला असता, याबद्दल मला शंका नाही. किंबहुना दोषारोप ठेवण्याच्या टप्प्यावरच हे प्रकरण अडखळले असते. खोटे पकडण्याच्या चाचणीचा मार्ग आपण सुचवाल, तर २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा निकाल वाचावा. संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही.

प्रश्न : आपल्या देशातील असे एखादे न सुटलेले प्रकरण आहे का?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : आहे. मुंबईत शीव आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात १९८५ ते १९८७ या काळात पदपथावर झोपलेल्या निराधारांना डोक्यात दगड घालून मारले गेले, आणि १९८९ मध्ये कलकत्त्यात तशीच मालिका घडली. दोन्ही ठिकाणचा ‘स्टोनमॅन’ एकच होता की नाही, हेही ठरले नाही. मेलेल्यांपैकी अनेकांची नावेसुद्धा पोलिसांना कळली नाहीत, मग त्यांच्यासाठी पत्रव्यवहार कोण करणार? मराठी वाचकांना जवळच्या असलेल्या पुण्यातील जोशी-अभ्यंकर खून खटल्याशी तुलना केली तर फरक दिसतो. तेथे १९७६-७७ मध्ये दहा खून करणारी टोळी होती, त्यांच्यातलाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. एकट्याने खून करणाऱ्याच्या बाबतीत फुटायला कोणी साथीदारच नसतो.

प्रश्न : झोडियाकने एका पत्रात ‘माझे नाव’ असे लिहून पुढे १३ चिन्हे दिली आहेत. मी त्यांची उकल करून त्यातून ॲलनचेच नाव काढले आहे. कागद सोबत जोडला आहे. तो आपण पडताळून पाहावा आणि योग्य वाटल्यास अमेरिकेत कोणाकडे पाठवावा ते कळवावे.
(एक निवृत्त वाचक, बडोदे)

उत्तर : कागद काळजीपूर्वक पाहिला. ते पत्र २० एप्रिल १९७० चे आहे आणि त्यातील १३ चिन्हे अद्याप कोणालाही सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाहीत. अडचण चिकाटीची नसून लांबीची आहे. साध्या अक्षरबदलाच्या लिपीतही एकच एक उकल निश्चित होण्यासाठी इंग्रजीत साधारण २५ ते ३० अक्षरे लागतात. त्याहून कमी मजकुरात पुष्कळशी नावे बसवता येतात, आणि तशी डझनावारी आजवर बसवली गेली आहेत. शिवाय आर्थर ली ॲलन हे पूर्ण नाव रोमन लिपीत १६ अक्षरांचे होते, मधले ‘ली’ गाळले तर ११ अक्षरांचे, आणि ज्या नावाने त्याला ओळखत ते ‘ली ॲलन’ १० अक्षरांचे. तेरा भरण्यासाठी आपण तीन अक्षरे खुन्याच्या शुद्धलेखनाच्या चुका म्हणून धरली आहेत. तो चुका करीत असे हे खरे, पण त्या सवलतीत दुसऱ्या कोणाचेही नाव बसेल. कागद परत पाठवीत आहे. तो अमेरिकेत धाडण्यापूर्वी याच पद्धतीने आपल्या शेजाऱ्यांची नावे त्या तेरा चिन्हांत बसतात का, ते एकदा करून पाहावे.